लॅटिनमास्तरांचा निळा

त्र्याहत्तरचा दुष्काळी उन्हाळा. जळकोटजवळच्या आमच्या गावच्या सोसायटीची आमसभा. जबाबदार दोघे: ठराव मांडणारे चेअरमन आणि अनुमोदन देणारे उपाध्यक्ष. ठराव असा, की गोदामातले चित्र उतरवावे, कारण त्यातला निळा हा ‘वस्तीचा रंग’ आहे. वस्ती म्हणजे आम्ही बौद्ध. हे आधी नोंदवतो. मास्तरांनी नोंदवले नसते.

मास्तर नगरकडचे ख्रिस्ती. शाळेत इंग्रजी शिकवत, पण रागावत लॅटिनमध्ये. पोरांना ती प्रार्थना वाटे. सोसायटीच्या गोदामात दुष्काळी मदतीची सुकडी वाटताना त्यांनी तिथे मारियामातेचे छापील चित्र टांगले होते. कुणा जुन्या साधूने त्या चित्रावर लॅटिन कविता रचलेली. मास्तर ती रांगेतल्या बायांना मराठीत ऐकवत. “निळ्या आभाळाचा पदर पांघरून आई आनंदली आहे.”

सखूबाई फिसकन हसली. “मास्तर, निळं आभाळ बघून हितं कोन आनंदतंय? कोरडं हाय ते!”

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. मग शब्दकोश काखेत घेऊन माझ्याकडे धावत आले. “वकील, चुकलो! ‘चेरुलेउस’. हा शब्द मोकळ्या आभाळाला लावतात, तसाच पावसाच्या ढगालाही. तिनं ढग पांघरलाय हो! म्हणून आनंद!”

“व्हय, आता पटलं,” नवा अर्थ ऐकून सखूबाई म्हणाली, आणि चित्राकडे पाहतच राहिली.

त्याच चित्रावर तो ठराव आला. सभेत मी कलमे काढून उभा राहिलो होतो. मास्तरांनी माझा हात धरून मला खाली बसवले.

“चेअरमनसाहेब, भजनात तुम्ही देवाला काय म्हणता?”

“घननीळ,” चेअरमन बेसावधपणे बोलून गेले.

“घन म्हणजे ढग. लॅटिन कवीचा रंगही तोच. आता सांगा, हा निळा कोणत्या वस्तीचा?”

दारातून सखूबाई ओरडली, “सांगा की चेअरमन! आमी बी ऐकतो!”

सभा हसून लोटपोट झाली. ठरावाविरुद्ध हात वर झाले. त्यात अनुमोदकांचाही होता. चित्र जागेवरून हलले नाही.

मास्तरांची बदली झाली तेव्हा चेअरमन हार घेऊन एसटीपाशी आले. “झालं गेलं विसरा, मास्तर.”

“मी विसरलो. वकिलांचं मात्र सांगता येत नाही.”

मास्तर आता नाहीत. त्यांचा अंदाज खरा ठरला आहे. चेअरमन, तुमचा ठराव पडला, ‘वस्तीचा रंग’ हे तुमचे शब्द मात्र तुम्ही अद्याप मागे घेतलेले नाहीत. ते घेता की नाही? उत्तर खाजगीत नको. आमसभेत उभे राहून, माझ्या वस्तीसमोर द्या.