न पुसलेला हात

बंदुका ठेवायच्या कोठारात माझ्या मामाने उभा जन्म काढला, पण स्वतः एक गोळी कधी झाडली नाही. त्याचं काम पुसण्याचं. बंदुकांच्या दुकानाखाली तळघरात ते कोठार होतं. घरात लहान पोरं आहेत, बाहेरदेशी जायचंय, नाहीतर नवरा-बायकोचं सध्या पटत नाही, अशी माणसं आपलं हत्यार आमच्याकडे ठेवून जायची आणि ते गंजू न देणं ही मामाची जबाबदारी असायची. मी वर काउंटरवर बसायचे. त्यामुळे गिऱ्हाइकांचं शहाणपण आधी माझ्या कानांवरून जायचं, मग पायऱ्या उतरून त्याच्याकडे.

सगळ्यांत शहाणी स्टेनलेसवाली. "याला काही करावं लागत नाही हो, स्टेनलेस आहे," असं म्हणून ती पेटी माझ्यापुढे सरकवत. मामाला कळलं की तो म्हणायचा, "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा." स्टेनलेस गंजत नाही असं नाही, उशिरा गंजतं, इतकंच. साधं लोखंड बोंब मारत गंजतं, हे तोंडात मिठाची गुळणी धरून. चामड्याच्या म्यानात ठेवलं की चामडं ओल धरतं. स्पंजाच्या पेटीत बंद केलं की स्पंज ओल धरतो. कुणी हौशी माणूस डाग काढायला लोखंडी तारेचा चोथा घासतो, त्या तारेचे कण पोलादात रुततात आणि पुढे तेच तांबूस होतात. या सगळ्यापेक्षा वाईट म्हणजे माणसाचा हात, कारण हाताला मीठ असतं.

म्हणून कोठाराचा एक नियम होता. आत आलेली वस्तू पहिल्यांदा पेटीतून बाहेर काढायची, मऊ फडक्याने शेवटच्या माणसाचा हात तिच्यावरून पुसून टाकायचा, तेलाचा पातळ हात फिरवायचा आणि मग उघड्या लाकडी घोडीवर ठेवायची. हवा कोरडी करणारं यंत्र कोपऱ्यात सतत घुं-घुं करायचं. त्याच्या भांड्यात साठलेलं पाणी मामा रोज ओतून टाकायचा. मला ती खोली कधीच आवडली नाही. ओळीने मांडलेली ती हत्यारं बघितली की वाटायचं, यांची माणसं इथेच कुठेतरी उभी आहेत आणि आपण बाहेर पडायची वाट बघताहेत. मामाला मी हे सांगितलं तर तो हसला. "माणसं कुठली? सगळी पुसून टाकलीत मी."

त्याचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, पिस्तूल नेमबाजी करायचा. स्पर्धांमध्ये उतरायचा, कधीमधी बक्षीसही आणायचा. बाप गंजाचा वैरी आणि पोराच्या तळहाताला असा घाम की त्याने दाराची कडी धरली तरी ती काळवंडायची. काही माणसांचे हात असतातच तसे, आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मामा त्याला 'गंज्या' म्हणायचा. दादा सरावाहून आला की जेवणाआधी बापाच्या हातात पिस्तूल द्यायचा आणि मामा बडबडत ते पुसायचा. "देवाने हात दिले का मिठागर दिलं?" असली बडबड. मामी आतून म्हणायची, "अहो, पोराला आधी पाणी तरी पिऊ द्या." त्या घरात प्रेम असंच चालायचं, एकमेकांच्या खोड्या काढत.

एका संध्याकाळी सरावाहून परतताना दादाच्या गाडीला ट्रकने उडवलं. गाडीचा चुराडा झाला. दादा जागच्या जागी गेला. पिस्तुलाची पेटी मात्र जशीच्या तशी राहिली, तिला ओरखडाही नव्हता. तपास उरकल्यावर ती घरी आली आणि काही दिवस दादाच्या खोलीत पलंगावर पडून होती. मग मामा ती कोठारात घेऊन गेला आणि सगळ्यांत आतल्या कपाटात ठेवून त्याने कुलूप लावलं. उघडली नाही, पुसली नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं दुसऱ्या कुणाबद्दल मी लगेच म्हटलं असतं.

वर्ष उलटून गेलं तेव्हा त्याने ती पेटी उघडली. मी चहा घेऊन खाली गेले होते. मामा स्टुलावर बसला होता आणि पेटी मांडीवर होती. करड्या स्पंजात ते चांदीसारखं पिस्तूल, आणि त्याच्या अंगावर तांबूस बोटं उमटलेली. पुढच्या बाजूला तीन बोटं शेजारी-शेजारी, मागच्या बाजूला अंगठा. कुणीतरी ते धरून ठेवलंय आणि बाकीचा माणूस तेवढा दिसत नाही, असं वाटत होतं. मी चहा पायरीवरच ठेवून दिला.

"गंज्या आहे," मामा हळूच म्हणाला. "शेवटचं धरलेलं पुसायचं राहिलं होतं ना."

त्या दिवसापासून मामा बदलला. बाकीची हत्यारं तो पूर्वीसारखीच पुसायचा, पण ते पिस्तूल त्याने डोळ्यांत तेल घालून सांभाळलं ते वेगळ्याच कामासाठी. डाग जाऊ द्यायचा नाही आणि वाढूही द्यायचा नाही. बोटांच्या भोवतालचं पोलाद तो कापसाच्या बोळ्याने तेल लावून जपायचा, बोटांना मात्र हात लावायचा नाही. पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवायचा. पण पोलाद एकदा खाल्लं जाऊ लागलं की ते कुणाचं ऐकत नाही. हवा दमट झाली की डाग गडद व्हायचे, कडा किंचित पसरायच्या. मामा मला बोलावून दाखवायचा. "बघ, आज घट्ट धरलंय त्याने." मी बघायचे आणि मला खरंच तसं दिसायचं, हे मी कबूल करते. पायऱ्या चढून वर आले तरी माझ्या मनगटाला कुणीतरी धरल्यासारखं वाटत राही.

दुपारची सुट्टी तो आता खालीच काढायचा. दार लोटलेलं असायचं आणि आतून बोलण्याचा आवाज यायचा. दुकानाचे मालक माझ्याकडे बघायचे, मी मालकांकडे, आणि दोघंही कानाडोळा करायचो. संध्याकाळी दुकान बंद झालं तरी मामा घरी जायला तयार नसायचा. घरी मामी एकटी. तिच्याशी तो कामापुरतंच बोलायचा. एकदा मी तिच्याकडे गेले तर ती स्वयंपाकघरात दिवा न लावता बसली होती. "तुझा मामा कुणाला तरी भेटतो का गं?" तिने विचारलं. बाईमाणसाला पहिली शंका तीच यायची. मला हसू आलं. भेटत तर होताच. मी म्हटलं, "कामात असतो गं, मामी."

हे असंच चाललं असतं, पण दादा गेल्यावर ते पिस्तूल कायमचं आमच्या कोठारात ठेवता येत नव्हतं. मामाच्या नावाने परवाना नव्हता. ते कुणा परवानेवाल्याला द्यायचं, नाहीतर सरकारजमा करायचं, आणि सरकारजमा झालं की त्याचे तुकडे होणार. मालक भला माणूस. त्यांनी जमेल तितकं ताणलं, मग दादाच्याच क्लबातली एक नवी नेमबाज मुलगी शोधून काढली. तिने दादाला खेळताना बघितलं होतं आणि तिला तेच पिस्तूल हवं होतं. मालक मामाला म्हणाले, "त्याचं पिस्तूल खेळत राहील, यापेक्षा चांगलं काय? तेवढं स्वच्छ करून द्या. शुक्रवारी येतील ते लोक." मामा हो म्हणाला. स्वच्छ करायला त्याला अर्धा तास पुरला असता. त्याने नायलॉनचा ब्रश काढला, तेल काढलं, पिस्तूल पुढ्यात घेतलं आणि दिवसभर तसाच बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. गुरुवारी मी खाली गेले तर म्हणाला, "आयुष्यभर लोकांचे हात पुसले. आता पोटच्या पोराचा पुसायचा म्हणजे मी त्याला दुसऱ्यांदा मारायचं. मला नाही जमणार. मी नोकरी सोडतो आणि हे घेऊन जातो."

"बिनपरवान्याचं घेऊन जाशील? तुरुंगात जाशील मामा."

"जाईन."

तो जाणार होता. मामाला मी लहानपणापासून ओळखते, तो असलं उगाच बोलत नाही. मला त्याचा रागही आला. घरी जिवंत बायको अंधारात बसलीये आणि हा माणूस गंजासाठी तुरुंगात निघालाय. मी मालकांना सांगितलं, रिक्षा केली आणि मामीला घेऊन आले. वाटेत तिला सगळं सांगितलं: पेटी, बोटं, दुपारचं बोलणं. ती रिक्षाबाहेर बघत राहिली. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही.

मामी त्या कोठारात पहिल्यांदाच उतरत होती. मामा तिला बघून दचकून उभा राहिला आणि पिस्तुलावर त्याने चटकन फडकं टाकलं, चोरी पकडल्यासारखं. "तू कशाला आलीस?"

मामीने फडकं उचललं. वाकून तिने पिस्तूल जवळून बघितलं. यंत्राची घुं-घुं चालू होती. मग ती म्हणाली, "अहो, हा त्याचा हात नाही."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"त्याची बोटं केवढी लांब होती. आणि करंगळी कुठाय?"

"नेम धरताना तो करंगळी उचलायचा."

"तो नाही उचलायचा. माझी वळत नाही." तिने उजवा हात पुढे केला. तिची करंगळी लग्नाआधीच दारात चेंगरली होती, ती तेव्हापासून सरळच राहायची. तिने हात पिस्तुलावर ठेवला. तीन बोटं तीन डागांवर बसली, अंगठा अंगठ्यावर. करंगळी बाजूला, हवेत.

"पेटी त्याच्या खोलीत होती तेव्हा," मामी म्हणाली. "तुम्ही आंघोळीला गेला होतात. मी काकडीला मीठ लावत होते. हात तसेच होते. काय वाटलं कुणास ठाऊक, गेले आणि उघडली. आत ते लखलखीत होतं, तपासात पोलिसांनीच पुसलं असेल. त्याने शेवटचं हे धरलं होतं ना, म्हणून मीही धरून बसले. नळ बंद झाला तशी पेटी लावून टाकली. तुम्ही ओरडला असतात, न पुसता हात लावला म्हणून."

मामा खाली बसला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. त्या गंजाने त्याला इतके दिवस उभं ठेवलं होतं आणि आता तोही गेला. मी पायरीवरच थांबले. खाली उतरावं की वर निघून जावं, मला समजेना.

"म्हणजे तो इथे नव्हताच?" त्याने विचारलं. "एवढे दिवस?"

"नव्हता."

"कुठेच नाही?"

"नाही हो," मामी म्हणाली. "मी होते."

तिच्या बोटांना तेल आणि तांबूस भुकटी लागली होती. मामाने फडकं घेतलं. मला वाटलं आता पिस्तूल पुसेल. त्याने तिचा हात हातात घेतला आणि एकेक बोट पुसायला लागला. न वळणाऱ्या करंगळीपाशी आला आणि तिथेच थांबून, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा रडला.