पलीकडच्या बाजूचा माणूस

सत्तरच्या दशकात आमच्या कॉलेजची मंगळवेढ्याशी कबड्डी असली, की तो तिथून एसटीनं सोलापूरला यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. मैदानाच्या पलीकडे बसून, मांडीवर थाप मारत तो आमच्या पोरांना मनसोक्त शिव्या द्यायचा आणि मध्यंतरात माझ्याच ओंजळीत हुरडा ओतायचा.

मग गट बदलले. रेडिओवर सामन्याचं धावतं वर्णन व्हावं म्हणून आमचं कॉलेज पुण्याच्या गटात गेलं.

त्या थंडीतही तो आला. मैदान रिकामं होतं. मी त्याला समोरच्या हॉटेलात नेलं. रेडिओवर आमची पोरं पुण्यात जिंकत होती. हुरड्याची पुरचुंडी न सोडताच तो ऐकत राहिला.

“जिंका की, कोन न्हाय म्हनतंय,” तो म्हणाला. “पर आता आमी हरायचं कुनाकडनं?”