मामांच्या चाकासाठी बत्तीस आरे

मुंबईला जाऊन आलेल्या माणसाला आपल्या देवरुखात पहिला प्रश्न विचारतात, "राणीचा बाग बघितलास?" मी नाही बघितला. मी मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि बोरिवली बघितली, तीही खांद्यावर सायकलचं चाक घेऊन. वाचनालयाच्या हस्तलिखिताला प्रवासवर्णन हवं आहे, म्हणून तीच हकिगत लिहितो. प्राणी म्हणाल तर मला एक म्हैस तेवढी भेटली.

ही म्हैस मुलुंडच्या तबेल्यातली. मी मामांकडे उतरलो होतो. शुक्रवारी सकाळी त्यांना न विचारता त्यांची सायकल काढली आणि फेरफटका मारायला निघालो. वळणावर म्हैस आडवी आली. मी घंटी वाजवली, तर तिने शांतपणे मान वळवली आणि शिंग पुढच्या चाकात घातलं. नऊ आरे तुटले, उरलेले वाकले. म्हशीला काही झालं नाही. गवळी माझ्यावरच ओरडला, "दिसत नाय काय रे? एवढी मोठी म्हैस!"

इथे एक सांगायला हवं. त्या रविवारी मामांच्या वाडीचे वार्षिक खेळ होते आणि त्यांत सायकलची सावकाश शर्यत होती. शेवटी पोचेल तो पहिला, पाय टेकला की बाद. सलग तीन वर्षं मामा ही शर्यत शेजारच्या इमारतीतल्या गुप्त्यांकडून हरले होते, कारण तिन्ही वेळा गुप्ते वीतभर मागे राहिले. म्हणून मामा वर्षभर ऑफिसातून आल्यावर अंगणात सराव करत होते, आणि दुसऱ्या कुठल्याही सायकलवर त्यांचा तोल राहत नसे. चाक बघून ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "बघ काही होतंय का," आणि टोपी खुंटीला लावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी सकाळीच चाक घेऊन निघालो. मापासाठी एक आरा सरळ करून सदऱ्याच्या खिशात उभा ठेवला होता. तो दिवसभर काखेत टोचत राहिला.

मुलुंडच्या सायकलवाल्याने आरा हातात घेतला आणि हसायलाच लागला. "मिलिटरीचा माल आहे ना हा? लढाईनंतरच्या लिलावातला?"

"हो. मामांनी तेव्हाच घेतली सायकल."

"तरीच. ह्याचा हब (चाकाचा मधला तुंबा) बघ केवढा जाडा आहे. हब जाडा, म्हणून आरा आखूड. असला स्पोक (इकडे आऱ्याला हेच म्हणतात) माझ्याकडे नाय. घाटकोपरला जा."

घाटकोपरला एका भंगारवाल्याकडे सायकलींचा डोंगर होता. त्याने तासभर उकरून बत्तीस नवेकोरे आरे काढले. मी आनंदाने माप लावलं, तर सगळे अर्धा इंच लांब.

"आखूड नाय मिळणार," तो म्हणाला. "हे घेऊन ठेव. ह्या भावात परत नाय भेटायचे."

भाव ऐकून मी घेतले. स्वस्त मिळालं की उपयोगाचं नसलं तरी घ्यायचं, हा आमच्या घराण्याचा जुना रोग आहे. आता खांद्यावर चाक, काखेत टोचणारा आरा आणि हातात न बसणाऱ्या आऱ्यांची जुडी, असा मी अंधेरीच्या बसमध्ये चढलो.

"चाकाचं तिकीट?" कंडक्टर म्हणाला.

"मांडीवर घेतलंय की."

"मांडीवरच्या पोराचंपण वय विचारतो आम्ही. वय काय ह्याचं?"

"लढाईच्या वेळचं आहे."

त्याने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे बाराच्या आतलंच. हाफ."

मी मुकाट्याने चाकाचं अर्धं तिकीट काढलं. शेजारच्या बाईंनी खिडकीकडे सरकून त्याला जागा करून दिली.

अंधेरीचं दुकान मोठं, काचेच्या कपाटांचं. मालकांनी चष्मा लावून आरा मोजला. "हे विलायतेहून मागवावे लागतील. तीन महिने धरा." मग त्यांनी एका आऱ्याची किंमत सांगितली. तेवढ्यात आपल्याकडे अंड्यांवर बसलेली कोंबडी आली असती.

"पण शर्यत उद्या आहे हो!"

"कसली शर्यत?"

"सायकल हळू चालवायची."

त्यांनी चष्मा काढला आणि कपाट बंद केलं. दारातल्या एका गिऱ्हाइकाला मात्र माझी दया आली. "बोरिवलीला जा. टांगा स्टँडवर गणूमिस्त्री बसतो. चाकातलं त्याला सगळं कळतं," तो म्हणाला.

बोरिवली मला आवडली. स्टेशनाबाहेर पडलं की ताडाची झाडं, मागे डोंगर, आणि हवेत घोड्यांचा वास. गणूमिस्त्री टांग्याच्या चाकाला लोखंडी धाव बसवत होते. मी देवरुखचा म्हटल्यावर त्यांनी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी आणि सुकट पुढे सरकवली. ते मूळचे मालवणकडचे. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. त्या सुकटीला मी जन्मभर दुवा देईन.

माझी सगळी रडकथा ऐकून ते म्हणाले, "अरे झिला, तार लांब म्हणान रडतंस कित्याक? खाट विणताना सुंब उरलो तर कापून टाकतंस? एक तिढो जास्त घाल. लांबी मुरान जाता."

प्रत्येक आरा तीन आऱ्यांना ओलांडून जातो, तो चार आऱ्यांना ओलांडून न्यायचा, एवढंच! दिवसभर जे कुणाला सुचलं नव्हतं ते मिस्त्रींना खाटेच्या विणीवरून सुचलं. आनंदाने मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर काखेतला आरा घुसला.

"माका आता येळ नाय," ते म्हणाले. "तूच बांध, मी सांगतंय."

मी बांधलं. तीनदा चुकलो, तीनदा सोडलं. शेवटी सगळे बत्तीस आरे बसले. मिस्त्रींनी चाक एका बोटावर फिरवून पाहिलं. "चाक फिरतला," ते म्हणाले, "पण डुलतला."

रविवारी ते चाक डुललंच. दर फेरीला एकदा ते चिमट्याला (पुढच्या ज्या दांड्यांत चाक बसतं, त्यांना) घासून अडायचं. मामांच्या ते शर्यत सुरू झाल्यावर लक्षात आलं, आणि मी मामींच्या पाठीमागे लपलो.

दहा पावलांवर चाक अडलं. मामा तिथेच थांबले. पॅडलवर जोर, चाक अडलेलं, मामा जागच्या जागी उभे! ना पुढे, ना मागे, पाय वर. गुप्ते हळूहळू त्यांच्या बाजूने पुढे गेले. जाताना त्यांनी मामांकडे असं पाहिलं की मला त्यांचीच कीव आली. चाक सुटलं, मामा दोन हात सरकले, पुन्हा अडलं. गुप्ते पोचून, सायकल भिंतीला टेकवून, पाणी पिऊन परत आले, तरी मामा अर्ध्यावरच होते. सगळी वाडी ओरडत होती, "थांबा! थांबा!"

नारळ आणि पितळी पेला घेऊन मामा घरी आले तेव्हा मी म्हटलं, "उद्या दुकानात नेऊन चाक सरळ करून आणतो."

"हात लावशील तर याद राख," मामा म्हणाले, आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मला रडूच आलं.

एका माणसाला सावकाश जाता यावं म्हणून मी चार उपनगरं धापा टाकत पालथी घातली, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. काल मामींचं पत्र आलं. मामा आता स्टेशनला चालत जातात, कारण ती सायकल स्टेशनापर्यंत पोचतच नाही. रोज गाडी चुकते म्हणून मामी कुरकुर करतात. मामा पेल्यात चहा पितात आणि म्हणतात, "शेवटी पोचेल तो पहिला."