रत्नागिरीला लागलेली मुंबई

या मुंबईत माणसं दुकानं कशासाठी उघडतात, हे आमच्या मामंजींना शेवटपर्यंत कळलं नाही. मामंजी म्हणजे माझे सासरे. पोस्टात पार्सलं बांधण्यात आणि लाखेच्या मोहरा मारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि पेन्शन सुरू झाल्या दिवसापासून लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत त्यांनी जो कारखाना थाटला तो काही बंद पडला नाही. गिरण्यासुद्धा संपात बंद पडतात हो, आमचा कारखाना नाही. घरात एखादी वस्तू विकत आणली की मामंजींचा चेहरा सुतक लागल्यासारखा व्हायचा. ती हातात घ्यायचे, उलटीपालटी करायचे, नाकाला लावून बघायचे आणि म्हणायचे, "ह्यात काय आहे? हे घरी होतं की." की संपलं. दुसऱ्या दिवशी ती वस्तू घरी व्हायला लागायची आणि घरातली दुसरी कुठली तरी वस्तू त्यापायी मोडीत निघायची. लग्नाआधी मला कोणी हे सांगितलं असतं, तर मी माहेरून दागिने कमी आणि एक धड झारी जास्त आणली असती.

झारीचंच सांगते. डालड्याच्या डब्याला त्यांनी पंपाची जुनी नळी बसवून तोटी केली आणि तुळशीला पाणी घालायला म्हणून माझ्या हातात दिली. पाणी तोटीखेरीज सगळीकडून यायचं. माझे पाय धुतले जायचे, खालच्या मजल्यावरचे वाळत घातलेले पापड भिजायचे, आणि तुळस कोरडीठाक. तक्रार केली, तर मामंजी शांतपणे म्हणाले, "तू सरळ धरतेस. ती तिरकी धरायची झारी आहे." हे त्यांचं ठरलेलंच. त्यांची वस्तू बिघडलेली कधीच नसायची, आपल्याला ती वापरायची अक्कल नसायची. माझा भाऊ भाऊबीजेला माहीमहून आला, मी त्याला ओवाळायला बसवलं, आणि मामंजींनी आंब्याच्या पेट्यांचा केलेला घडीचा चौरंग त्याच्यासकट मिटला. निरांजन एकीकडे, सुपारी एकीकडे, भाऊ भिंतीशी. मामंजी धावत आले आणि त्यांनी आधी उचलला तो चौरंग. मग माझ्याकडे वळून मलाच विचारलं, "हा डावीकडून बसायचा आहे, पाहुण्यांना सांगितलं नव्हतंस?" माझ्या भावाने त्या दिवसापासून आमच्याकडे उभ्यानेच चहा घेतला.

बरं, कारखान्याला माल कुठून यायचा? माझ्या स्वयंपाकघरातून. छत्रीच्या काड्यांवर पापड भाजायची जाळी करायची, तर छत्री माझी. साबणाचे उरलेसुरले तुकडे चाळभर गोळा करून त्यांनी एकदा नवा साबण उकळला, तर पातेलं माझं, उसळीचं. दुसऱ्या दिवशी वालाची उसळ जी फेसाळली ती पाहायला मजल्यावरच्या बायका येऊन गेल्या. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ती मुकाट्याने खाल्ली. बापाला एक शब्द बोलायची ह्यांची छाती नव्हती. मी बोलायचे. भरपूर बोलायचे. मामंजी सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, की ती जुनी विळी मोडलीय का गं, तिचं पातं हवं होतं.

आणि चाळ? चाळीला तर फुकटचा तमाशा. तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतांची छत्री मामंजींनी सायकलच्या ट्यूबची ठिगळं लावून दिली. ती उघडायची ती मिटायचीच नाही, सावंत ती तशीच उघडी घेऊन जिने चढायचे आणि वाटेत भेटेल त्याला हसत दाखवायचे. त्यांच्या मुलीला मामंजींनी पांगुळगाडा करून दिला होता, तो फक्त डावीकडे वळायचा. पोर त्याच्यावरच चालायला शिकली, पण त्याचं कौतुक कोणी केलं नाही. डावीकडे वळतो याचंच हसू. जिन्यावर दिसले की, "काय म्हातारबा, आज काय बिघडवलंत?" ही चाळीची ठरलेली विचारपूस. मामंजी हसायचे. मला वाटायचं, त्यांना काही लागतच नाही.

माझा सगळ्यात मोठा राग होता तो आकाशकंदिलावर. दादरच्या बाजारात दिवाळीला असे काही सुंदर कंदील टांगलेले असायचे, झिलईच्या कागदाचे, झिरमिळ्यांचे, की मान वर करून बघत राहावं. मला आयुष्यात एकदा तरी तसला विकतचा कंदील दाराला लावायचा होता. जास्त काही मागत नव्हते मी. पण आमच्या दाराला कायम मामंजींचा, एका अंगाने झुकलेला. आणि त्याची खळ व्हायची माझ्या चिरोट्यांच्या मैद्याची. रेशनच्या रांगेत उभं राहून मैदा मी आणायचा, आणि चिरोटे करायला डबा उघडावा तर तळाशी मूठभर. बाकीचा सगळा कंदिलाला चिकटलेला. दर दिवाळीला मी रडायचे आणि दर दिवाळीला ते म्हणायचे, "मैद्याची खळ मुंग्या लागेपर्यंत सुटत नाही, सूनबाई."

मग ते छप्पन्नचं वर्ष आलं. जानेवारीत मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढायची म्हणून जाहीर झालं, आणि लालबाग-परळमध्ये काय झालं ते मी नव्याने सांगायला नको. आमच्या मागच्या चाळीतला एक तरणा मुलगा दूध आणायला म्हणून उतरला आणि गोळी लागून गेला. दिवाळी आली तरी कोणाच्या मनातून ते गेलं नव्हतं. चाळीच्या दरवाजावर दरवर्षी मोठा कंदील लागतो. तो करणारी पोरं त्या वर्षी मोर्चात नाहीतर तुरुंगात. सावंत स्वतः सत्याग्रह करून आत जाऊन आलेले. शेवटी, दुसरं कोणी नाही म्हणून, कंदील आला मामंजींकडे. आणि करायचा काय, तर संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा.

"सूनबाई, ह्या वर्षी चाळीचा कंदील माझा," असं त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच होता. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की ते जिन्यावरचं हसणं सगळं आत साठत होतं. ह्या एका कंदिलात त्यांना चाळीला दाखवून द्यायचं होतं. ते जेवेनात. चिंचपोकळीच्या बुरुडाकडून कामट्या आणल्या, त्या भिजवल्या, दिव्यावर शेकून वाकवल्या. आमच्या पलंगावर विदर्भ, मोरीपाशी मराठवाडा, आणि कोकण इतकं लांबलं की दाराबाहेर गेलं. आम्ही चंद्रपूर ओलांडून झोपायला जायचो. मैद्याचा डबा मी उशाशी घेऊन झोपत होते, तरी अर्धा गेलाच. पण त्या वर्षी मी जपून बोलत होते. हा कंदील फसला तर म्हातारा चाळीत मान वर करणार नाही, हे मला दिसत होतं.

धनत्रयोदशीला दिवेलागणीच्या वेळी कंदील दोरीने वर चढवला. सगळी चाळ खाली जमली होती. दिवा लागला आणि काय सांगू, सरळ होता. पहिल्यांदा मामंजींचं काहीतरी सरळ झालं होतं. भगवा कागद, पांढऱ्या झिरमिळ्या, बेळगाव-कारवारसुद्धा जागच्या जागी. टाळ्या पडल्या. मामंजी दोरी धरून उभे होते, आणि मी बघितलं, त्यांना टाळ्यांचं काय करायचं ते कळत नव्हतं. इतक्यात वाऱ्याने कंदील थोडा फिरला, आणि टाळ्या थांबल्या.

मुंबई वेगळी होती. ठाण्यापासून वीतभर लांब, एका दोऱ्याला टांगलेली, काड्यापेटीएवढी, आत विजेरीचा इवलासा बल्ब. महाराष्ट्र इकडे आणि ती तिकडे आपली एकटी गरगर फिरतेय. जे करायचं नाही म्हणून माणसं मेली, तेच आमच्या मामंजींनी कामट्यांनी करून चाळीच्या दारावर टांगलं होतं.

सावंत पुढे आले. "म्हातारबा, मुंबई तोडलीत?" एवढंच म्हणाले, पण इतक्या हळू की मला भीती वाटली. मागून कोणीतरी म्हणालं, उतरवा. कोणी म्हणालं, फाडा. मामंजी समजावून सांगायला लागले, की एवढ्या बारीक आकाराला कामटी वाकत नाही हो, मोडते. जोडून केली असती तर नुसती गाठ दिसली असती, मुंबई दिसलीच नसती. म्हणून तिला तिचा दिवा दिला. "मला मुंबई दिसायला हवी होती," ते परत परत सांगत होते. कोणी ऐकत नव्हतं. मग ते स्वतःच दोरी सोडायला लागले. ज्या माणसाने जन्मभर पार्सलांच्या गाठी मारल्या त्याला स्वतःची गाठ सुटेना.

माझं टाळकं फिरलं. इतकी वर्षं मामंजींसाठी साठवलेला राग मी त्या दिवशी सगळाच्या सगळा सावंतांवर काढला. पदर खोचला आणि चाळीच्या मधोमध उभं राहून विचारलं, की तुमची पोर कोणाच्या पांगुळगाड्यावर चालायला शिकली? छत्री कोणी दुरुस्त केलेली वापरता? आमच्या घरात येऊन फुकट करून घेताना म्हातारबा, आणि आज गद्दार होय? ह्या माणसाला महाराष्ट्र तोडता येईल? ह्यांना झारी नीट करता येत नाही! हे शेवटचं तोंडातून निघालं आणि मागे कोणीतरी खुदकन हसलं, पण मी थांबले नाही. कंदील खाली घ्या म्हटलं, आणि जिने चढून घरी गेले. उशाशी जपलेला मैदा सगळा पातेल्यात ओतला आणि माझ्या हाताने खळ शिजवली. चिरोटे गेले खड्ड्यात. दोरा सापडेना, तेव्हा जे हाताला लागलं ते घेतलं. काय घेतलं ते चारचौघांत आजवर सांगितलं नाही. परकराची नवी नाडी होती.

खाली आले तर कंदील जमिनीवर आणि कोणी हात लावायला तयार नाही. तेव्हा गर्दीतून ती पुढे आली, मागच्या चाळीतल्या त्या मुलाची आई. ती आली म्हणताच सगळे बाजूला झाले. तिने कंदिलाकडे पाहिलं, मामंजींकडे पाहिलं, आणि खाली बसून महाराष्ट्राची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. "लाव गो बाय," म्हणाली, "मी धरतंय." मी मुंबई ठेवली, खळ थापली, नाडीने करकचून बांधली. माझ्या डोळ्यांना धड दिसत नव्हतं. कंदील परत वर चढला, दिवा लागला. मामंजी मान वर करून बघत होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "ती रत्नागिरीला लागली."

"लागली ना?" मी म्हटलं. "मग झालं."

आधी सावंत हसले, मग सगळी चाळ, आणि सगळ्यात शेवटी मामंजी. तो कंदील कार्तिकी पौर्णिमेपर्यंत दरवाजावर होता. येणारे-जाणारे विचारायचे, ही कोकणात एवढी काय गाठ आलीय, आणि सावंत त्यांना खवळून सांगायचे, ती मुंबई आहे, दिसत नाही का. त्या दिवाळीला आमच्याकडे चिरोटे झाले नाहीत. मामंजींनी मला भेट म्हणून पत्र्याची किसणी करून दिली. ती उलटी धरायची होती.

पुढे महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला. पण मामंजी त्याच्या आदल्याच वर्षी, गुढीपाडव्यानंतर गेले. थोडं पडसं झालं, मग ताप, मग गेलेच. घरचे काढे घेत होते, दुकानातली बाटली आणू देईनात. यावरही मी खूप बोलले होते. महाराष्ट्राच्या दिवशी चाळीने दादरहून कंदील आणला, विकतचा, झिलईच्या कागदाचा, झिरमिळ्यांचा, नकाशाचा. मुंबई अगदी जिथल्या तिथे. जन्मभर मला जसा हवा होता तसाच. आणि तो दरवाजावर चढताना पाहून माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की मी तडक घरी निघून आले.

चौरंग मांडला, डावीकडून चढले, आणि माळ्यावरून मामंजींचा कंदील काढला. उंदरांनी खळ खाल्ली होती, कागद खाल्ला होता, विदर्भ सुटून लोंबत होता. सगळीकडची बांधणी सैल झाली होती. नाडीची गाठ तेवढी होती तशी होती. हे म्हणाले, कागद तरी लाव त्याला. मी म्हटलं, नको, असाच राहू दे. आमच्या दाराला तो सांगाडा लावला, आत दिवा लावला, आणि उंबरठ्यावर बसले. खाली फटाके वाजत होते, सावंत गाणी म्हणत होते, आणि माझा राग काही उतरेना. एवढं सगळं झालं, एवढी माणसं झगडली, मुंबई मिळाली, आणि ह्या माणसाला साधं एक वर्ष थांबता आलं नाही. थांबायला काय झालं होतं, हे विचारायला तरी समोर असायला हवे होते ना मामंजी.