दारावरची पाटी

आज सकाळी दार उघडलं तर बाहेरच्या मुठीला ती लाकडी पाटी लटकत होती. जर्मनीतल्या आमच्या या इमारतीत जिना झाडायची पाळी ज्या घराची, त्या घराच्या दाराला ही पाटी आठवडाभर असते. मी राहायला आल्यापासून ती माझं दार चुकवून पुढे जायची. माझा पोलिओचा पाय, काखेत कुबडी. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. मिरजेत एसटीतली अनोळखी बाईसुद्धा "पायाला काय झालं गं?" म्हणून विचारायची. राग यायचा, पण तिच्या मनात काय आहे ते तरी कळायचं. इथल्या हसऱ्या चेहऱ्यांचं काही सांगता येत नाही. ही दया आहे, की मला इथलं धरतच नाहीत?

आणि आज अचानक ही पाटी. कुणाला काय बघायचंय?

कुबडी कठड्याला टेकवली आणि बसत बसत एकेक पायरी झाडत खाली गेले. सुपलीत धूळ जेमतेम चिमूटभर. जिना आधीच कुणीतरी झाडलाय, अशी माझी खात्रीच पटली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं, पायऱ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "कोपरे राहिलेत."

खरंच राहिले होते. मी पुन्हा तशीच बसत बसत वर गेले, कोपरे झाडत. फार बरं वाटलं.

आता फक्त एवढंच मनात येतंय, की कोपऱ्यांतली ती धूळ त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती का.