तुर्कीत आजारी आई

सौदीत जुबैलला आमचा फोरमन तुर्की. हिंदी त्याला येत नाही आणि इंग्रजी आम्हाला येतं असं आम्हीच समजतो. तरी दर भाद्रपदात आम्ही कोकणातले फिटर त्याच्यासमोर कुणाची तरी आई आजारी पाडायचो आणि गणपतीला घर गाठायचो. माझी आई तर तीन वर्षं लागोपाठ सीरियस. फोरमन काय दुधखुळा होता?

यंदा फाल्गुनात आई खरंच अंथरुणाला खिळली. शेजारच्या काकू फोनवर म्हणाल्या, "पेजसुद्धा उतरत नाही रे घशाखाली. येऊन जा." इकडे प्लांटचं शटडाऊन, म्हणजे वर्षाची दुरुस्ती, सगळ्यांच्या रजा बंद. म्हटलं, मागायचीच तर त्याच्या भाषेत मागू, निदान खरं वाटेल.

आठ दिवस मोबाईलवर तुर्की घोकली. 'आन्ने' म्हणजे आई, 'आन्नेम' माझी आई, 'आन्नेमिन' माझ्या आईचं. आपल्यासारखंच शब्दाला मागे शेपूट, पण यांचं एका शेपटावर भागत नाही. आईचं घर म्हणायचं तर आईलाही शेपूट आणि घरालाही, 'आन्नेमिन एवी'. भाऊबंदांनी बांधाच्या दोन्ही अंगांना दगड रोवावेत तसं. कॅम्पातल्या सहा जणांच्या खोलीत माझी म्हणावी अशी एक खाट, तीही वरची, आणि तिच्यावर पडून मी मालकीचे प्रत्यय पाठ करत होतो. केवढा पंडित मी.

फोरमनपुढे उभा राहून म्हणालो, "आन्नेमिन यानंदा किम्से योक." माझ्या आईजवळ कोणी नाही. गडी खूश झाला, माझी पाठ थोपटली. मग मोबाईलकडे बोट दाखवलं. व्हिडिओ लाव, बघू दे तुझी आई.

काकूंनी फोन आईसमोर धरला. परका माणूस समोर असताना झोपून राहील तर ती आमची आई कसली. उठून बसली, पदर सारखा केला, हसली. "साहेब, जेवलात का? मला काय धाड भरलीय, मी टुणटुणीत आहे."

ती काय म्हणाली ते फोरमनला चेहऱ्यावरूनच कळलं. त्याने छातीवर हात ठेवून तिला सलाम केला, मला "खलास" म्हणाला, म्हणजे रजेचा विषय संपला, आणि निघाला. फोनवर काकू ओरडल्या, "अरे, धरा हिला, पडतेय." मी त्याच्यामागे धावलो. आठ दिवसांची तुर्की कुठल्या कुठे गेली होती, मी मराठीतच बोलत सुटलो.