मेंढरांची धावपट्टी

कऱ्हाडशेजारच्या मलकापुरात कुणाला नाव ठेवायचं असलं की लोकांना फार विचार करावा लागत नाही. अमृत हवालदाराला त्यांनी ‘पायलट’ केलं ते असंच, चेष्टेनं. “काय पायलट, आमची बोअरची मोटर आज उडणार का उद्या?” असं विचारायचं आणि एकमेकांकडं बघून हसायचं. हा माणूस खरोखर विमान चालवून आलाय, हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नाही. उरलेल्यांना ते खरं वाटत नाही, कारण त्याचा कुठं फ्लेक्स लागला नव्हता.

त्याच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानाला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो तांब्याची तार गुंडाळत बोलतो आणि मी ऐकतो. त्याच्या तोंडून गेल्या चार वर्षांत मी कुणाचं कौतुक ऐकलेलं नाही. देशाचं नाही, परदेशाचं नाही, माझ्या चहाचं तर नाहीच.

अमृत माण तालुक्यातल्या धनगराच्या घरचा. बाप कोंडीबा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कऱ्हाडच्या बाजूला यायचा. एका साली इकडंही चारा मिळेना, म्हणून तो घाट उतरून कोकणात गेला. अमृत तेव्हा आठ वर्षांचा. दमट हवेनं महिन्याभरात मेंढरांचे खूर सडले, चाळीस मेंढरं तिथंच राहिली. कोंडीबा समुद्राकडं बघून म्हणाला होता, “ही हवा न्हाई, वलं घोंगडं हाय. माणसानं हितं ऱ्हावं कसं?” किनाऱ्याबद्दल अमृतचं मत तिथंच ठरलं.

बारावीनंतर तो फौजेत गेला. हेलिकॉप्टरच्या दुरुस्तीवर सतरा वर्षं काढली. साहेब लोक यायचे, चढायचे, उडायचे. हा खाली अंगठा वर करून उभा. तो म्हणतो, “सतरा वर्सं स्वयपाक केला गड्या, पर पंगतीला कवा बसलो न्हाई.” हवालदार म्हणून निवृत्त झाला तेव्हा वय पस्तीस. बायको शालन, मुलगी प्रांजल, आणि पुढं काय करायचं हा प्रश्न. युनिटातल्याच एकानं न्यूझीलंडमधल्या एका विमान शिकवणाऱ्या शाळेत मेकॅनिकच्या हाताखालचं काम मिळवून दिलं. गाव कसलं, तर समुद्रकाठचं. नशिबानं त्याला परत ओल्या घोंगड्यातच नेऊन टाकलं.

तिथल्या राहण्याबद्दल त्याला विचारलं की तो आधी हवेला शिव्या देतो. “सकाळी आभाळ धुतल्यागत निळं. दहा वाजता पूर्वेचं वारं सुटणार, दर्यातनं धुकं उठणार, आन अर्ध्या तासात समोरचं विमान दिसायचं न्हाई. पाऊस म्हणावा तर पडत न्हाई, ऊन म्हणावं तर पडत न्हाई. आरं, पड तरी न्हाईतर जा तरी!” मग पावाला. मग शेजाऱ्यांना: दोन वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले, रोज हवेबद्दल बोलले, पण घरात माणसं किती, हे कधी विचारलं नाही.

सगळ्यांत जास्त तो हसायचा ते तिथल्या खत टाकणाऱ्या विमानांना. टेकड्यांवर हजारो मेंढरं चरत असायची आणि वरून विमानं गवताला खत टाकत फिरायची. अमृतनं हे फोनवर बापाला सांगितलं. आपल्याकडं शेतात मेंढरं बसवून घ्यायला लोक कोंडीबाच्या पाया पडतात, ते त्या लेंडीखतासाठीच. म्हाताऱ्यानं विचारलं, “मग मेंढरं कशापायी पाळल्यात त्यांनी?”

शाळेत भारतातली पोरं भरपूर होती. त्यांतच वीरधवल होता, इथलाच, कऱ्हाडजवळच्या लालासाहेबांचा मुलगा. लालासाहेब म्हणजे चाळीस एकर ऊस आणि प्रत्येक गोष्टीत पुढं. पोरगं विमानात बसून मुंबईहून निघालं त्याच दिवशी चौकात फ्लेक्स लागला: ‘कॅप्टन वीरधवल यांना गगनभरारीच्या शुभेच्छा’. खाली बावीस शुभेच्छुकांचे फोटो. भरारी तेवढी बाकी होती.

वीरधवल अमृतला ओळखत होता, पण ओळख दाखवत नव्हता. “अमृतकाका, जरा ती सीट पुसून घ्या,” एवढंच बोलणं. सीट पुसायचं कारण म्हणजे वर गेलं की त्याला उलटी व्हायची. अमृत बादली घेऊन जायचा आणि मनातल्या मनात थुंकायचा. आठवड्यातून तीन दिवस हवा खरोखर खराब असायची. वीरधवल घरी फोन करून ती सहा दिवस खराब असल्याचं सांगायचा आणि निरभ्र आभाळाखाली अकरापर्यंत झोपायचा.

शाळेत शिकवणाऱ्यांमध्ये मॅरियन नावाची सदुसष्ट वर्षांची बाई होती. तिचं स्वतःचं एक जुनं, दोघांनी बसायचं विमान होतं. अमृत रविवारी त्याचं इंजिन उघडून बसायचा. एका रविवारी ती म्हणाली, “तुला याचा प्रत्येक स्क्रू माहीत आहे. हे वर जाऊन काय करतं, ते एकदा बघ तरी.”

“न्हाई बघायचं,” अमृतनं तोडक्या इंग्रजीत सांगितलं. “वर जाऊन माणूस काय करतो ते मी रोज पुसतो.”

ती हसली नाही. “तू हे विमान दुरुस्त ठेव, मी तुला शिकवते,” म्हणाली आणि चावी त्याच्या हातावर ठेवली.

पहिल्याच दिवशी, टेकड्यांवरून वळताना, अमृतला भडभडून आलं. त्यानं सगळं स्वतःच्या टोपीत ओकलं. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा तार गुंडाळणं थांबलं होतं. “दोन वर्सं त्या पोराला हसत होतो. खाली उतरलो, टोपी घेऊन नळावर गेलो, तर हे पोरगं समोर उभं. नुसतं बघितलं. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.”

पण त्यानं सोडलं नाही. हात कसबी, कान तर त्याहून. इंजिनाचा सूर जरा बदलला की त्याला मॅरियनच्या आधी कळायचं. अकरा तासांच्या उड्डाणांनंतर तिनं त्याला एकट्याला सोडलं. एकट्यानं वर गेल्यावर कसं वाटलं, असं मी चारदा विचारलंय. चारही वेळा एकच उत्तर: “शेजारची सीट रिकामी होती. विमान लवकर वर गेलं.”

हिवाळा सरता सरता तो एका सकाळी एकटाच आतल्या डोंगरांकडं तासाभराच्या सरावाला गेला. आभाळ स्वच्छ होतं. परत वळला तेव्हा समुद्राकाठी गाव नव्हतंच. जमिनीवर पांढरी गोधडी पसरलेली आणि ती आत सरकत येत होती. रेडिओवर मॅरियनचा आवाज आला, “किनाऱ्याकडं येऊ नकोस. काही दिसत नाही इथं. आत रहा. शेतावरची एखादी पट्टी दिसली तर उतर. घाई करू नकोस.”

दुसरा विमानतळ डोंगरापलीकडं होता आणि तिकडंही ढग उतरत होते. तेवढ्यात त्याला एका टेकडीच्या पाठीवर चढत गेलेली गवताची पट्टी दिसली. ज्या खत टाकणाऱ्या विमानांना तो हसायचा, त्यांचीच धावपट्टी. अशा पट्टीवर खालून वर, चढाकडं तोंड करून उतरायचं असतं. आणि पट्टीवर मधोमध दोनेकशे मेंढरं बसलेली.

दुसरा कुणी असता तर खालून सरळ त्यांच्या अंगावर गेला असता. अमृतला ठाऊक होतं की भ्यालेलं मेंढरू चढाकडं पळतं. खालून हाकललं तर ती पट्टीनंच वर पळत राहणार. म्हणून तो आडवा गेला. एका बाजूनं खाली येऊन त्यानं इंजिन गर्जवलं, कळप फुटला. फिरून पुन्हा आडवा. आता सगळी मेंढरं पट्टी सोडून शेजारच्या उंचवट्याकडं पळाली. तिसऱ्या फेरीला तो खालून आला आणि उतरला. दोनदा आपटला, पण थांबला.

इंजिन बंद केलं. पहिला विचार आला तो असा: बघा रे साहेबांनो, धनगराच्या पोरानं विमानानं मेंढरं वळवली. त्याला हसू आलं. तेवढ्यात त्याचं लक्ष गेलं. उतारावर एक मेंढी उताणी पडून पाय झाडत होती. पोट हे एवढं फुगलेलं.

“गाभण हुती गड्या. सगळीच गाभण हुती. महिन्याभरात व्यायची. वरनं मला दिसली न्हाईत, की मी बघितलं न्हाई, देव जाणं. आमचा म्हातारा गाभण मेंढरामागं कुत्रंसुदिक सोडत न्हाई. आन मी विमान घातलं.”

तो पळत गेला. भरल्या पोटाची मेंढी उताणी पडली की आपली आपण उठत नाही, तशीच मरते. त्यानं तिला कुशीवर घेतलं, उभी केली आणि तोल येईपर्यंत दोन्ही गुडघ्यांत धरून ठेवली. तशातच शेताचा मालक चार चाकांच्या मोटरसायकलवर आला. उंच, म्हातारा, संतापानं लाल. आल्याआल्या ओरडला, “डोळे आहेत का तुला? गाभण आहेत त्या!”

“मला म्हाईत हाय,” अमृत मराठीतच बोलला. इंग्रजी त्या क्षणी आलंच नाही.

म्हाताऱ्यानं त्याच्या गुडघ्यांकडं बघितलं. मेंढी कशी धरलीय ते बघितलं. “हे कुठं शिकलास?” त्याचा आवाज उतरला होता.

“बापाकडं.”

धुकं संध्याकाळपर्यंत हटलं नाही. दोघांनी मिळून कळप गोळा केला. सकाळी आभाळ उघडल्यावर अमृत विमान घेऊन परतला. ती मेंढी जगली, पण दोन दिवसांनी तिनं मेलेली जुळी कोकरं टाकली. म्हाताऱ्यानं शाळेला फोन करून ते कळवलं. तक्रार केली नाही, नुसतं कळवलं. अमृत त्या रविवारी बसनं आणि पुढं पायी तिथं गेला आणि म्हणाला, “मेंढ्या व्यायला लागतील तवा मी येतो.” सलग पाच रविवार त्यानं थंडीत कोकरं ओढून बाहेर काढली, पुसली, आयांना लावली. म्हातारा भाकरीसारखा जाड पाव आणि मटण आणून द्यायचा. अमृतच्या मते ते मटण अळणी होतं.

त्यानं परीक्षा दिली, छोटं विमान चालवायचा परवाना काढला आणि वर्षभरात कायमचा परत आला. आई हरणाबाई अंथरुणाला खिळली होती. कोंडीबानं बोलावलं तसा आला. परवाना लोखंडी पेटीत गेला. मलकापुरात हे दुकान टाकलं.

वीरधवल त्याआधीच परतला होता, परवान्याशिवाय. तरी कऱ्हाडच्या नाक्यापासून गाडीच्या टपावर उभं करून त्याची मिरवणूक काढली, जेसीबीतून फुलं उधळली. पुढं तीन वर्षं काहीच घडेना, तेव्हा लालासाहेबांनी ‘एव्हिएशन अकॅडमी’ काढायचं ठरवलं. पण भिंतीवर लावायला एक तरी खरा परवाना हवा होता. मागच्या फेब्रुवारीत बापलेक अमृतच्या दुकानी आले. मी माझ्या दारात उभा होतो.

“अमृत, लेका, आपल्या भागाचं नाव मोठं करायचंय,” लालासाहेब स्टुलावर रुमाल अंथरून बसत म्हणाले. “तू फक्त पांढरा ड्रेस घालून फोटो काढ. चीफ इन्स्ट्रक्टर म्हणून नाव टाकू तुझं. शिकवायचं वीरधवल बघंल.”

अमृतनं तार खाली ठेवली. “आवं आबा, माजा परवाना शिकवायचा न्हाई. एकट्यानं हिंडायचा हाय.”

“ते कोण बघतंय इथं?”

“व्हय, कोण बघतंय!” अमृत वीरधवलकडं वळला. “धाकलं मालक, तुमी एकटं किती तास उडला?”

वीरधवलनं बापाकडं बघितलं, मग बुटाकडं. “हवा खराब असायची,” तो पुटपुटला.

“आभाळ निळं असायचं तवा मीच तुमच्या दाराची कडी वाजवायचो. ईसरला?” अमृतचा आवाज चढला नव्हता. “लोकांची लेकरं हायत आबा ती. कुणी घर इकून फी भरंल, कुणी रान. त्यांस्नी तुमी पांढरा ड्रेस दाखवणार आन धुकं आलं की काय करायचं ते कोण दाखवणार? जावा तुमी. आन जाताना त्या स्टुलावरचा रुमाल न्या, माज्याकडं पुसायला लय चिंध्या हायत.”

लालासाहेब उठले. “मेंढरामागचा तो मेंढरामागंच राहणार,” दारात थांबून म्हणाले.

“त्याला बी अक्कल लागती,” अमृत म्हणाला आणि पुन्हा तारेला लागला.

अकॅडमी निघाली. उद्घाटनाला पुढारी आला, ढोल-ताशे वाजले. पांढऱ्या ड्रेसात कुठलातरी दुसराच माणूस फ्लेक्सवर झळकतोय. तो पूर्वी हॉटेलात रिसेप्शनवर होता, असं मला माझ्या गिऱ्हाइकांनी सांगितलं. पहिल्या बॅचला पस्तीस पोरं. त्यांच्या अर्जांच्या झेरॉक्स माझ्याकडंच निघाल्या. मी प्रत्येकाला म्हटलं, शेजारी जरा विचारून घ्या. तिघं गेली. अमृत त्यांना इतकं फाडून बोलला की दोघांनी पुन्हा तोंड दाखवलं नाही. तिसऱ्यानं अर्ज मागं घेतला आणि आता तो सांगलीत डिप्लोमा करतोय.

लालासाहेबांची विहिरीवरची मोटर मात्र अजून अमृतकडंच येते, कारण त्याच्यासारखी बांधणी अख्ख्या तालुक्यात कुणी करत नाही. गडी ती भल्या पहाटे शटरपुढं ठेवून निघून जातो. अमृत तिच्यावर पाय ठेवून चहा पितो, चहाला नावं ठेवतो, आणि संध्याकाळपर्यंत ती नीट बांधून देतो.